राखणीचा दोर

ज्या माणसाला जमिनीवर धड चालता येत नव्हतं, त्यानं आमच्या गावच्या गड्यांना झाडावर चढायला शिकवलं. डावा पाय ओढत, दोन्ही खांद्यांवर दोराची वेटोळी घेऊन मामा सडकेच्या कडेनं यायला लागले की नवख्या माणसाला त्यांची दया यायची. अर्ध्या तासानं तोच नवखा माणूस मान मोडेपर्यंत वर बघत उभा असायचा, आणि मामा चिंचेच्या शेंड्यातून त्याला सांगत असायचे, ‘‘झाडाखालनं बाजूला हो, मुडद्या.’’

मामा हे नाव आम्ही दिलेलं. खरं नाव सोसायटीच्या हजेरीपटावर होतं, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. माणूस मूळचा जळकोटकडचा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आमच्याकडे, येरमाळ्याजवळ आला आणि काम संपल्यावरही परत गेला नाही. गावाबाहेर एका पत्र्याच्या खोलीत राहायचा. बोलण्यात अधूनमधून कानडी यायची. वर चढणाऱ्याला मामा खालून ‘निधान, निधान’ म्हणायचे, म्हणजे सावकाश. घाई करणाऱ्या नातवाला मी अजून तेच म्हणते आणि सून माझ्याकडे बघत राहते.

त्या दुष्काळात शेतात नाव घ्यायला काही उरलं नव्हतं, पण सडकेच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या चिंचा लगडून गेल्या होत्या. आमच्या मजूर सोसायटीनं ती झाडं उतरवायचं काम घेतलं. गड्यांनी वर चढून झोडपायचं, बायांनी खाली वेचायचं. आधी, ठेकेदाराच्या हाताखाली असल्यापासून, गडी हातापायांनीच चढायचे. दर हंगामात एखादा पडायचा. त्याला बाजेवर घालून दवाखान्यात पोचवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं त्याच झाडावर चढायचं, असं चालू होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मामांना वाटलं, आणि त्यांनी ते चेअरमनपासून पाणक्यापर्यंत सगळ्यांना शिव्या देऊन सांगितलं.

त्यांची पद्धत अशी होती. बारीक सुतळीला दगड बांधायचा आणि तो गोफणीसारखा फिरवून उंचावरच्या बेचक्यातून पलीकडे टाकायचा. सुतळीच्या मागून दोर ओढून घ्यायचा, त्याचं एक टोक बुंध्याला बांधायचं आणि दुसरं लोंबतं ठेवायचं. ह्या लोंबत्या दोराला दोन आखूड दोऱ्या तीन-तीन वेढे देऊन अडकवायच्या, एक कमरेला आणि एक पायाला. मामा त्यांना चिमटे म्हणायचे. वजन पडलं की चिमटा दोराला घट्ट धरतो, वजन काढलं की हातानं वर सरकतो. कमरेच्या चिमट्यावर बसायचं, पायाचा वर घ्यायचा, त्यात उभं राहायचं, मग कमरेचा वर घ्यायचा. ‘‘बस, घे, ऊठ, घे,’’ मामा खालून म्हणायचे, शाळेत कवायत घेतल्यासारखं. माणूस सुरवंटासारखा वर जायचा आणि खोडाला हातसुद्धा लावायचा नाही.

इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती दुसऱ्या दोराबद्दल.

तो दोर दुसऱ्या फांदीवरून यायचा. त्याला मामा राखण म्हणायचे. त्याचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला आणि दुसरं, बुंध्याला दोन वेढे देऊन, खालच्या माणसाच्या हातात. वरचा जसा चढेल तशी खालच्यानं ढील काढून घ्यायची. पहिला दोर तुटला, चिमटा घसरला, फांदी मोडली, तरच राखणीचं काम. एरवी तिनं काहीच करायचं नाही. चेअरमनचं म्हणणं नेमकं हेच होतं, की काहीच न करणाऱ्या दोरासाठी एवढा वेळ का घालवायचा. दुसऱ्या टोळीची तीन झाडं होतात तेव्हा आपलं एक होतं.

मामा म्हणाले, ‘‘चेअरमनसाहेब, तुमी एकडाव वरनं पडून दावा. म्या उद्यापास्नं एकाच दोरानं काम करतो.’’

चेअरमन गेले, पण राखणीची गाठ हा पुढचा तंटा होता, आणि तो चेअरमनशी नव्हता, आमच्या घराघरांत होता. ही गाठ चढणाऱ्यानं स्वतः मारायची नाही, मामांनी मारायची नाही, सोबतच्या गड्यानंही मारायची नाही. ती घरच्या माणसानं मारायची. आई, बायको, बहीण, जे कुणी असेल ते. आणि ज्यानं गाठ मारली त्यानंच खाली दोर धरायचा.

‘‘ज्याला रडायचंय त्यानं बांधायचं,’’ मामा म्हणायचे. ‘‘बाकीच्यांचा हात घाई करतो.’’

आता बायकोनं नवऱ्याच्या कमरेला दावं बांधायचं, तेही भर सडकेवर, येणाऱ्याजाणाऱ्या बसमधले लोक खिडकीतून बघत असताना. माझा नवरा म्हणाला, ‘‘म्या काय बैल हाय का?’’

‘‘बैल असतास तर इतकं बोलला नसतास,’’ मामा म्हणाले. ‘‘जा, येच चिंचा.’’

तीन दिवस तो आम्हा बायांच्या ओळीत बसून चिंचा वेचत होता. बायांनी त्याला लुगडं नेसवलं नाही एवढंच. चौथ्या दिवशी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

माझ्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. घरात सासू, सासरे, दोन दीर. नवऱ्याशी दिवसाउजेडी चार शब्द बोलायची सोय नव्हती, आणि इथं सगळ्या टोळीदेखत त्याच्या कमरेभोवती हात घालायचे होते. माझे कान तापले. तो आभाळाकडे बघत उभा होता, पाऊस येतो का बघितल्यासारखा. मी कशीबशी गाठ मारली. मामांनी ती बोटानं हलवून बघितली.

‘‘ही काय लुगड्याची निरी हाय का? वढ.’’

मी ओढली.

‘‘रागानं वढ.’’

‘‘राग न्हाय आला मामा.’’

‘‘मग कालचं भांडण आठव.’’

आदल्या दिवशी सासूबाई मला बोलल्या होत्या आणि हा भिंतीसारखा गप्प बसला होता. ते आठवलं आणि मी अशी ओढली की तो ‘‘अगं, अगं’’ म्हणत दोन पावलं पुढे आला. टोळी हसली. मामा हसले नाहीत. ‘‘आता ह्याला कायबी हुत न्हाय,’’ एवढंच म्हणून ते पुढच्या गाठीकडे वळले.

त्यानंतर किती हंगाम मी तो दोर धरून उभी राहिले. वर पानांत नवरा दिसायचा नाही, पण दोरातून कळायचा. कुठं थांबला, कुठं दमला, कुठं पाय चाचपतोय, सगळं तळव्यांना समजायचं. थोडं ओढून तो ‘बरा हाय’ असं सांगायचा, थोडं ओढून मी ‘कळलं’ असं सांगायची. घरात चार भिंतींत जे बोलणं जमलं नाही ते आम्ही चिंचेखाली असं केलं. लोक म्हणतात ते वर्ष वाईट, ती वर्षं वाईट. असतील. मला मात्र ते दिवस फार आठवतात, कुणी देईल तर मी तो कोरडा फुफाटाही परत घेईन.

मामांचं दोराचं वेड हा गावाच्या करमणुकीचा विषय होता. बांधावरचा घायपात कापून, कुजवून, धुऊन ते स्वतः दोर वळायचे. दुष्काळात माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा खडीच्या खाणीतल्या हिरव्या डबक्यात त्यांचा घायपात कुजायचा आणि त्याचा वास वेशीपर्यंत यायचा. दोर ओलांडून जायचं नाही, वळसा घालून जायचं. एकदा चेअरमनच ओलांडून गेले. मामांनी त्यांना हाक मारून मागं बोलावलं, परत त्याच बाजूला उभं केलं आणि वळसा घालून जायला लावलं. मग चेअरमननी जीप ओढायला दोर मागितला तर म्हणाले, ‘‘ह्या दोरानं मानूस वर जातो, साहेब. जीप कुठं वर जायलीय?’’

दोन हंगाम झाले की दोराचं आयुष्य संपलं. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेच्या आत झाडं रिकामी व्हायची, त्या शेवटच्या दिवशी मामा जुना दोर दगडावर ठेवायचे आणि सगळ्यांसमोर कुऱ्हाडीनं हातहात लांबीचे तुकडे करायचे. दोर चांगला धडधाकट दिसायचा. विहिरींचं पाणी तेव्हा इतकं खोल गेलं होतं की दोन दोर जोडून घागर सोडावी लागायची, त्यामुळे तो कापताना बघून बाया हळहळायच्या. माझ्या सासूबाई एकदा पुढे होऊन म्हणाल्या, ‘‘मला द्या की हिरीला. घागरच तर वढायची.’’

‘‘तुटला तर घागर जाईल, खरं हाय. पर ती काढायला हिरीत वाकंल कोण? तुमीच,’’ मामा म्हणाले आणि कापत राहिले. ‘‘काम संपल्याला दोर सोडून ठिवायचा न्हाय. कापायचा.’’

सगळ्यांच्या गाठी घरचे मारत, मामांची गाठ मात्र मामाच मारत. इथं त्यांच्या मागेपुढे कुणी नव्हतं. सगळी टोळी बांधून झाली की ते झाडाच्या पलीकडे जायचे आणि डोळे मिटून, स्वतःच्या कमरेला, स्वतः गाठ मारायचे. खालचं टोक धरायलाही कुणाला द्यायचे नाहीत, बुंध्याला बांधून टाकायचे. मला ते बघवेना. एक दिवस मी म्हणाले, ‘‘मामा, तुमची म्या बांधू का?’’

‘‘तू माझ्या घरची हायस का?’’ ते इतक्या तुटकपणे म्हणाले की मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी मला पीळ द्यायला बोलावलं. दोराचं एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. वळता वळता, माझ्याकडे न बघता, ते बोलायला लागले. ‘‘माझा धाकटा भाव हुता. हीर खोल करायला आत उतरला. दोर म्या धरला हुता. कडंच्या धोंड्यावर दोर काचून तुटला. म्या मागनं उडी टाकली, पाय मोडला. तो न्हाय घावला जिता.’’

मी पीळ देत राहिले.

‘‘घरी दुसरा दोर हुता,’’ ते म्हणाले. ‘‘खुंटीला.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. नवा हुता. खराब हुईल म्हणून आणला न्हवता.’’

त्यानंतर त्यांनी पिळाबद्दल मला दोन शिव्या दिल्या आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

तिसऱ्या हंगामात पुलाजवळची मोठी चिंच शेवटी राहिली होती. नवरा पार वर होता. मला आधी आवाज आला, कडाड, मग हातातला दोर सळकन पळाला आणि मी बुंध्यावर आपटले. ज्या बेचक्यात पहिला दोर होता ती फांदीच गेली होती. तळव्यांची साल निघाली, पण दोन वेढ्यांनी दोर धरला. मामांनी पढवून पढवून डोक्यात भरवलं होतं, ‘वर बघायचं न्हाय, आधी गाठ.’ मी बुंध्याला गाठ मारली. मग वर बघितलं. तो राखणीवर लोंबत होता, डोकं छातीवर, एक हात निर्जीव. हाक मारली तर ओ देत नव्हता. दोर गोल गोल फिरत होता आणि त्याबरोबर तो.

मामांनी सुतळी टाकली, दोर चढवला, चिमटे लावले, राखणीचा दोर घेतला. सगळं इतक्या झपाट्यानं की मला वाटलं आता ते वर गेलेच. पण कमरेची गाठ बसेना. एकदा सुटली. दोनदा सुटली. टोळीतला कुणीतरी ओरडला, ‘‘मामा, ऱ्हाऊ द्या गाठ, चढा आधी.’’ मामा चढले नाहीत. तिसऱ्यांदा गाठ सुटली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसा चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता. तो माणूस त्या क्षणी चिंचेखाली नव्हता, विहिरीच्या काठावर उभा होता.

‘‘पोरी,’’ ते म्हणाले, ‘‘माझं हात चालंनात. तू बांध.’’

मी बांधली. माझ्या हातांचं रक्त दोराला लागत होतं, पण गाठ पहिल्याच झटक्यात बसली, याचं मला अजून नवल वाटतं. त्यांनी रागानं ओढ म्हणायच्या आत मी ओढली होती. मग त्यांच्या राखणीचं टोकही मीच धरलं. ते चढायला लागले आणि थोडं वर जाऊन थांबले. पाय कुठला, कंबर कुठली, विसरल्यासारखे. तेव्हा मी खालून म्हणायला लागले, ‘‘बस, घे, ऊठ, घे.’’ ‘‘बस, घे, ऊठ, घे. निधान, मामा, निधान.’’ ते वर पोचले, त्यांनी नवऱ्याला आपल्या मांडीवर घेतलं, गड्यांनी त्याची बुंध्यावरची राखण हळूहळू सैल केली आणि दोघं एका दोरावरून सावकाश खाली आले. त्याचा खांदा निखळला होता, डोक्याला मार होता. तीन महिन्यांनी तो बरा झाला.

आम्ही मामांच्या खोलीवर नारळ घेऊन गेलो तर म्हणाले, ‘‘दोराला द्या, मला कशाला?’’ पण पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, मी नवऱ्याची गाठ मारून सरळ होते तोच, मामा माझ्यासमोर येऊन पाठ करून उभे राहिले. दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरलेले, आईनं सदरा घालावा म्हणून पोरगं उभं राहतं तसे. मी गाठ मारली. त्या दिवसापासून मी रोज दोन गाठी मारल्या, आणि सासूबाई कुणी न सांगता तिघांच्या भाकरी बांधून द्यायला लागल्या. मामांच्या कमरेला गाठ मारताना त्यांच्या अंगाला घायपाताचा वास यायचा. तो वास पुढे कुठं आला नाही. मी हुंगत असते कधीकधी, नव्या दोराच्या दुकानासमोरून जाताना, पण ते दोर आता नायलॉनचे असतात.

सोसायटी पुढे आपसातल्या भांडणांत बसली. सडक रुंद झाली आणि चिंचा गेल्या. एकेक झाड आडवं होताना मामा रस्त्याच्या पलीकडे बसून बघत राहायचे. पुलाजवळची मोठी चिंच पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी घेऊन गेले तर खोली उघडी, झाडलेली, रिकामी. मधोमध दोराचे हातहात लांबीचे तुकडे व्यवस्थित रचून ठेवलेले होते. मला न सांगता गेले. मी तिथंच बसून रडले आणि मग घरी येऊन सगळ्यांवर चिडले. किती दिवस चिडलेलीच होते. त्यांना मी घरची वाटले नाही, हेच मनात घेऊन बसले होते.

चार-पाच वर्षांनी जळकोटहून कार्ड आलं. त्यांच्या त्या विहिरीत गेलेल्या धाकट्या भावाच्या मुलानं लिहिलं होतं, की काका अंथरुणाला खिळलेत आणि तुमच्या घराबद्दल बोलतात. आम्ही दोघं पहिल्या गाडीनं निघालो. तुळजापूरला गाडी बदलून पोचेपर्यंत दुपार झाली. मामा सकाळीच गेले होते.

अंगणात तिरडी तयार होत होती. एक म्हातारे गृहस्थ सुतळीचा गुंडा सोडत होते. मी आत गेले, मामांचा चेहरा बघितला आणि मग माझी नजर भिंतीकडे गेली. खुंटीला दोर होता. नवा, घायपाताचा, त्यांच्याच हातच्या पिळाचा, एकदाही न वापरलेला. मी तो काढला आणि बाहेर आणला.

‘‘सुतळी नको,’’ मी म्हणाले. ‘‘ह्यानं बांधते.’’

म्हाताऱ्यांनी हात थांबवला. ‘‘नवा दोर हाय बाई, कशाला खराब करायलाव? आन् बायामानसांनी बांधायचं नसतंय. तुमी कोण त्येंच्या?’’

कोण होते मी? पुतण्याही माझ्याकडे बघत होता. तेव्हा माझा नवरा, जो सासूबाईंपुढे जन्मभर गप्प बसला, तो पुढे झाला.

‘‘घरची हाय,’’ तो म्हणाला. ‘‘तिलाच बांधू द्या.’’

मी बांधलं. त्यांच्या कमरेशी शेवटची गाठ मारताना कालचं भांडण आठवायची गरज पडली नाही. मला न सांगता निघून गेलेल्या माणसावरचा पाच वर्षांचा राग माझ्याजवळ होता, आणि तो सगळा लावून मी ओढली.

बाया स्मशानात जात नाहीत. मी अंगणातच थांबले. संध्याकाळी नवरा परत आला, बाहेर पाय धुतले, माझ्याजवळ येऊन बसला.

‘‘तिथं सोडायची असती गाठ,’’ तो म्हणाला. ‘‘सगळ्यांनी हात लावून बघितला. तुझी काय सुटंना. कुऱ्हाडीनं कापावी लागली.’’

‘‘कापायचीच असते,’’ मी म्हणाले.